पंडिता रमाबाई : ज्ञानाचा अधिकार आणि धर्मसत्तेशी संघर्ष



विचार करणारी स्त्री धर्माच्या अधिकाऱ्यांना सहन झाली नाही, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात जागोजागी आढळतात. इसवी सन ४१५ मध्ये अलेक्झांड्रिया नगरीत गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या हायपेशियाला ख्रिस्ती जमावाने ठार केले. १३१० साली पॅरिसमध्ये मार्गरीत पोरेत या स्त्रीने आपला ग्रंथ मागे घेण्यास नकार दिला, म्हणून तिला जाळण्यात आले. आपल्याकडे सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले आणि त्यापायी त्यांना पतीची मारहाण सोसावी लागली. या घटकात आपण ज्या स्त्रीचे चरित्र पाहणार आहोत, तिला कोणी जाळले नाही किंवा दगडही मारले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असहिष्णुतेची साधने बदलली होती. वर्तमानपत्रातील अग्रलेख, समितीचा राजीनामा, बिशपचे पत्र, शाळेतून काढून नेलेल्या मुली ही ती नवी साधने होत. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांना एकाच आयुष्यात दोन धर्मांच्या अधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागले. आणि दोन्ही ठिकाणी वादाचा मुद्दा जवळजवळ एकच होता. शास्त्र वाचून त्याचा अर्थ स्वतः ठरवण्याचा अधिकार स्त्रीला आहे की नाही, हा तो मुद्दा.

रमाबाईंची कहाणी सुरू होते ती त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, पुण्यात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडील, चित्पावन ब्राह्मण. शिक्षणासाठी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे राहिले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवीत. एक स्त्री शुद्ध संस्कृत म्हणते आहे, हे तरुण अनंतशास्त्र्यांनी ऐकले आणि ते चकित झाले. आपल्या पत्नीलाही शिकवायचे, असा निश्चय त्यांनी केला. पहिल्या पत्नीच्या वेळी तो घरच्यांच्या विरोधामुळे साधला नाही. तिच्या निधनानंतर गोदावरीच्या तीरी त्यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा वधू लक्ष्मीबाई नऊ वर्षांच्या होत्या आणि वराचे वय चव्वेचाळीस होते. या विषम विवाहाचे समर्थन आज कोणी करणार नाही, करूही नये. पण याच विवाहातून त्या काळी दुर्मीळ असलेली एक विदुषी घडली, हेही खरे आहे. अनंतशास्त्र्यांनी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवण्यास आरंभ केला आणि गावात कुजबूज सुरू झाली. तिचे आरोपात रूपांतर होण्यास वेळ लागला नाही.

प्रकरण उडुपीच्या धर्मपंडितांपर्यंत गेले. स्त्रीला देवभाषा शिकवणे हा धर्मद्रोह आहे की नाही, याचे उत्तर देण्यासाठी अनंतशास्त्र्यांना सभेपुढे बोलावण्यात आले. त्यांनी श्रुति-स्मृति-पुराणांतून आधार गोळा करून आपली बाजू मांडली. वेद वगळून इतर संस्कृत वाङ्मय स्त्रियांनी आणि शूद्रांनी शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभेला ते खोडून काढता आले नाही. येथे एक बारकावा लक्षात ठेवा. अनंतशास्त्री बंडखोर नव्हते. ते अत्यंत कर्मठ होते. त्यांनी परंपरेच्या चौकटीतच, परंपरेच्याच शस्त्राने लढा दिला. वेदांचा दरवाजा त्यांनीही बंदच ठेवला होता. तो त्यांच्या मुलीने पुढे उघडला.

वाद जिंकूनही गावात राहणे त्यांना जड झाले असावे. पश्चिम घाटातील गंगामूळ या दाट अरण्यातल्या जागी त्यांनी आश्रम बांधला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मुलगी जेमतेम सहा महिन्यांची असताना कुटुंबाने तोही आश्रम सोडला. वेताच्या पेटीत ठेवलेली ही तान्ही मुलगी हमालाच्या डोक्यावरून डोंगर उतरली आणि तिथून पुढे तिला स्थिर घर असे बरीच वर्षे मिळाले नाही. तीर्थक्षेत्री जायचे, देवळात पुराण सांगायचे, श्रोते जी दक्षिणा ठेवतील तीवर निर्वाह करायचा, असा क्रम सुरू झाला.

वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंना शिकवले ते आईने. लक्ष्मीबाईंना दिवसभर कामातून सवड नसे. त्या पहाटे, पक्षी जागे होण्यापूर्वी, झोपाळू मुलीला कुशीत घेऊन श्लोक म्हणवून घेत. घरकाम, नोकरी आणि मुलांचा अभ्यास आटोपून किंवा आटोपण्यापूर्वी ही पुस्तिका उघडणाऱ्या तुमच्यापैकी अनेकींना त्या पहाटेची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बाराव्या वर्षापर्यंत या मुलीला भागवताचे सुमारे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. आई-वडिलांनी तिचा विवाह लहानपणी केला नाही. थोरल्या मुलीचा, कृष्णाबाईचा, बालविवाह करून दिल्याचा परिणाम दुःखद झाला होता आणि ती चूक पुन्हा करायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. शास्त्रानुसार हे पाप होते. कर्मठ पित्याने ते जाणूनबुजून पत्करले.

दुष्काळ

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी उरले नाही आणि दक्षिणाही थांबली. अंगमेहनतीचे काम या कुटुंबातील कोणालाच येत नव्हते, भीक मागणे त्यांना कमीपणाचे वाटे. होते नव्हते ते त्यांनी विकले, देवांना नवस केले, दानधर्म केला, उपास केले. शेवटी रानातली पाने खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला, तेव्हा मुलगा श्रीनिवास मजुरी करण्यास तयार झाला आणि तो प्रसंग टळला. परंतु वडील त्याच वर्षी गेले. पाठोपाठ आई गेली, नंतर कृष्णाबाई. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, उरलेले दोन खांदेकरी म्हणजे श्रीनिवास आणि रमाबाई. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला.

हा प्रसंग कशासाठी सांगितला, असे तुम्ही विचाराल. चरित्रकार अनेकदा रमाबाईंच्या धर्मांतराचे कारण इंग्लंडात शोधतात. आमच्या मते ते बीज दुष्काळात पडले. शास्त्राने सांगितलेले सर्व काही केले आणि शास्त्राने काहीही दिले नाही, हा अनुभव त्यांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी घेतला. श्रद्धा त्या दिवशीच गेली असे नव्हे. पण तिला तडा गेला तो येथे.

पुढची काही वर्षे भाऊ-बहीण पायी हिंडत राहिली. काश्मीरपर्यंत जाऊन ती दोघे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, भागवत मुखोद्गत म्हणते, या वार्तेने शहर हलले. विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. अवघ्या काही दशकांपूर्वी तिच्या आईला अक्षर शिकवले म्हणून पंडितांची सभा भरली होती. आता पंडितांची सभा मुलीचा गौरव करीत होती. या दोन सभांमधले अंतर मोठे आहे खरे. पण त्या कौतुकात एक अट दडलेली होती. पंडिता म्हणून मान्यता मिळाली ती ग्रंथ पाठ म्हणणाऱ्या स्त्रीला. ग्रंथांचा जाब विचारणाऱ्या स्त्रीला ती मिळणार होती की नाही, हे अजून ठरायचे होते.

ती वेळ कलकत्त्यातच आली. पडद्यातील स्त्रियांना स्त्रीधर्म समजावून सांगावा, अशी विनंती काही पंडितांनी रमाबाईंना केली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने, व्याख्यानाच्या तयारीसाठी वाचले. हे ग्रंथ एकमेकांशी जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर विसंगत आहेत, मात्र स्त्री ही स्वभावतःच दुष्ट आहे आणि पुरुषाप्रमाणे तिला मोक्षाचा अधिकार नाही, या बाबतीत सर्वांचे एकमत आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी हा शोध अत्यंत शांतपणे नोंदवला आहे. त्याच सुमारास ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचले आहेत का, असे विचारले. स्त्रियांना तो अधिकार नाही, असे उत्तर रमाबाईंनी दिले. केशवचंद्रांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. वडिलांनी जो दरवाजा बंद ठेवला होता, तो असा उघडला.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. विवाहात धर्मविधी नाही. हे सर्व त्या काळी अघटित होते. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. लहान मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुणे, १८८२

हे वर्ष मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये. याच वर्षी ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध आणि रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास तुम्हांला गंमत वाटेल. ताराबाईंची भाषा बोली, तिखट, समोरच्याला धारेवर धरणारी. रमाबाईंची भाषा संस्कृतप्रचुर, उपदेशपर, आणि खरे सांगायचे तर बरीच सावध. स्त्रियांनी स्वावलंबी व्हावे, विद्या मिळवावी, हे त्या आग्रहाने सांगतात. पण पुरुषांना बोल लावण्याऐवजी स्त्रियांच्याच अज्ञानावर कोरडे ओढतात. काही समीक्षकांना हे पुस्तक निराशाजनक वाटते. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र हे पुस्तक लिहिताना लेखिका नुकतीच विधवा झालेली आहे, पुण्याच्या सनातनी आणि सुधारक अशा दोन्ही वर्तुळांत परकी आहे, आणि तिला वाचकवर्ग मिळवायचा आहे, हे विसरून त्याचे मूल्यमापन करू नये.

सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रानडे, भांडारकर आदींच्या पाठिंब्याने आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे यांच्या आठवणी तुमच्या वाचनात आल्या असतील, तर या पाहुणीच्या व्याख्यानांना जाण्यावरून घराघरांतील वडीलधाऱ्या बायकांनी काय गहजब केला, त्याचे चित्र तुम्हांला आठवेल. नवऱ्याचा पाठिंबा असलेल्या रानडे यांच्या पत्नीलाही घरातील स्त्रियांचे टोमणे टळले नाहीत. असहिष्णुता ही फक्त पुरुषांची मिरास नव्हती, हा धडा त्या आठवणींतून मिळतो.

सप्टेंबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-तपासनीस नेमाव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. स्त्री-डॉक्टरांच्या अभावी असंख्य स्त्रिया उपचाराविना मरतात, हा मुद्दा त्यांनी ठासून मांडला. स्वतःही वैद्यक शिकावे, या हेतूने १८८३ साली मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे प्रवासखर्चाच्या कामी आले. एका मराठी स्त्रीने आपल्या लेखणीच्या कमाईवर समुद्र ओलांडला, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

दुसरे धर्मपीठ

इंग्लंडात वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्या उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांना आपले सक्तीने धर्मांतर होईल या भयाने ग्रासले आणि त्या मनःस्थितीत त्यांनी विष घेऊन प्राण सोडला. या धक्क्यानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मूळचे काशीचे पंडित असलेले फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. पण त्याहून मोठा परिणाम झाला तो लंडनमधील एका आश्रमाचा. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा तेथे भगिनी करीत होत्या. पतित स्त्रीला दूर लोटण्याऐवजी जवळ घेणारा धर्म त्यांना हवा होता.

महाराष्ट्रात बातमी पोहोचताच संताप उसळला. ज्यांनी त्यांना सरस्वती म्हणून मिरवले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना ही फसवणूक वाटली. रमाबाईंच्या बाजूने स्पष्टपणे उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ सालच्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी एका शिकलेल्या ब्राह्मण स्त्रीने आपल्याच जातीच्या धर्मग्रंथांना का सोडले, याचा विचार करायला ब्राह्मणांना भाग पाडले.

आता कथेचा दुसरा भाग पाहा, कारण तो मराठी वाचकांना तितकासा परिचित नसतो. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंना चर्चच्या अधिकाऱ्यांनी एक नम्र, आज्ञाधारक नवशिष्या समजून घेतले होते. त्यांना मिळाली ती भागवत पाठ असलेली, न्यायशास्त्राच्या घरात वाढलेली तर्कपटू. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी आणि चेल्टनहॅम महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला. त्रैक्याचा सिद्धांत बायबलात कोठे आहे, चर्चने रचलेल्या श्रद्धासूत्रांना बायबलइतके प्रमाण का मानायचे, ख्रिस्ती धर्मात इतके पंथ असताना एकाच पंथाचे म्हणणे खरे कसे, असे प्रश्न त्या विचारतात. बीलबाई संयमाने उत्तर देतात. सिस्टर जेराल्डिन मात्र या प्रश्नांत अहंकार पाहतात. हिंदू पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते तसलेच दुसरे जू चढवून घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी त्यांना धाडले.

काही भांडणे वरवर क्षुल्लक वाटतात. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, ती संस्कृत का नसावीत, असे त्यांनी विचारले. लॅटिन ना त्यांना येत होते, ना त्यांच्या देशबांधवांना. आहाराच्या बाबतीत त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. भगिनींना यात जातीचा उरलासुरला अभिमान दिसला. येथे थोडे थांबा आणि स्वतःला विचारा: धर्म बदलला म्हणून भाषा आणि ताटही बदलले पाहिजे, ही अपेक्षा कोठून आली? ती धर्माची होती, की राज्यकर्त्यांच्या संस्कृतीची?

सर्वांत बोलका वाद पुरुषांना शिकवण्याचा. भारतात येऊ घातलेल्या इंग्रज तरुणांना रमाबाईंनी देशी भाषा शिकवावी, अशी एक सूचना पुढे आली. त्यांना ती मान्य होती. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवल्याने भारतीयांच्या नजरेत त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे कारण दिले गेले. रमाबाईंना याचा राग आला. मायदेशी त्या वर्षानुवर्षे पुरुषांच्या सभांत व्याख्याने देत आल्या होत्या. देशी लोकांना काय रुचते आणि काय नाही, हे त्यांना बिशपांकडून शिकायचे नव्हते. उडुपीच्या सभेने त्यांच्या आईच्या शिकण्याला हरकत घेतली होती, आता बिशप त्यांच्या शिकवण्याला हरकत घेत होते.

अमेरिका आणि शारदा सदन

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आप्त असलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानाचे. राहिल्या मात्र जवळजवळ तीन वर्षे. बालवाडीची फ्रोबेल पद्धती त्यांनी शिकून घेतली, गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७ साली इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून ते आईच्या स्मृतीस अर्पण केले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक मदत देण्याचे ठरले. शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, ही त्यामागची अट होती. या प्रवासाचे फलित म्हणजे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे मराठी पुस्तक. ‘स्त्रीधर्मनीति’ची सावध लेखिका येथे मोकळी झालेली दिसते. तेथील लोकशाही, स्त्रियांच्या संघटना, मुलींची महाविद्यालये यांविषयी त्या उत्साहाने लिहितात. मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्याय सांगायलाही विसरत नाहीत. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास वाचताना हे पुस्तक जरूर मिळवून वाचा.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि महर्षी कर्व्यांच्या संस्थेची कहाणी तेथून पुढे सुरू होते. विधवांना स्वतःच्या आवारातील विहिरीचे पाणी, स्वतःचे सोवळे, व्रतवैकल्ये यांची पूर्ण मोकळीक होती. मात्र केस काढण्याची सक्ती नव्हती, आणि वाचायला पुस्तके होती.

वाद पेटला तो प्रार्थनेवरून. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने सदनावर टीकेची झोड उठवली, शाळेच्या आडून धर्मांतर चालले आहे, असा आरोप झाला. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही. हिंदू घरातील स्त्री जसे आपले देव उघडपणे पूजते, तसे मला माझ्या घरात का करता येऊ नये? १८९३ साली सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले. पालकांनी पंचविसेक मुली काढून नेल्या.

या प्रसंगाचा निवाडा एका वाक्यात करण्याचा मोह टाळावा. सुधारकांची अडचण खरी होती. तटस्थतेच्या आश्वासनावर त्यांनी आपली पत शाळेच्या मागे उभी केली होती, आणि पोरवयाच्या, निराधार मुलींवर त्यांच्या आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच, हा आक्षेप निव्वळ द्वेषातून आलेला नव्हता. पुढे सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. पण दुसरी बाजूही पाहा. घरी नेलेल्या त्या पंचवीस मुलींपैकी एकीलाही तिला काय हवे ते विचारल्याची नोंद नाही. धर्म कोणाचा टिकला पाहिजे यावर पुण्यात महिनोन्‌महिने चर्चा झाली. ज्या विधवांच्या नावाने ती झाली, त्या त्यात कोठेच बोलत नाहीत. त्यांच्यातील काहींचे वपन पुन्हा झाले असेल आणि काहींची पुस्तके कायमची मिटली असतील.

केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली; हेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पानाफुलांवर दिवस काढलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची आठवण येथे आली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. अमेरिकेतील करार संपल्यावर, १८९८ नंतर, ही संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. हिंदू समाजाशी असलेला त्यांचा शेवटचा धागा त्यामुळे तुटला. आणि मराठी सार्वजनिक जीवनातून त्यांचे नावही हळूहळू मागे पडले.

सरकारशी मात्र त्यांनी गोडीगुलाबी ठेवली नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी त्यांच्या संस्थेतील एक मुलगी सरकारी रुग्णालयात नेल्यावर बेपत्ता झाली. स्त्रियांना तेथे मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. प्रश्न थेट ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. ख्रिस्ती झालेली स्त्री राज्यकर्त्यांची झाली, या समजुतीला या एका पत्राने उत्तर मिळते. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमावर त्याच महिन्यांत ‘केसरी’ही तुटून पडत होता. दोघांनी एकाच अन्यायावर बोट ठेवले, तरी सदनाच्या वादाने पडलेली दरी बुजली नाही.

केडगावात शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, अंध मुलींची शाळा असे उद्योग होते आणि एक छापखाना होता. आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतरास दिली. तोवर मराठीत बायबल नव्हते असे नाही. पण त्यातील संस्कृत शब्द खेड्यातील बायकांना समजत नाहीत आणि ते हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ सोबत घेऊन येतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्या स्त्रीने लहानपणी अठरा हजार संस्कृत श्लोक पाठ केले, तिने अखेरीस आपल्या मराठीतून संस्कृत वेचून काढले! भाषांतर म्हणून ते कितपत साधले, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. वाक्यरचना अनेक ठिकाणी ओबडधोबड आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील सहज मराठी वाचून कोणी हे भाषांतर हाती घेतले, तर निराश होण्याचा संभव आहे. पण मूळ भाषांतून संपूर्ण बायबलाचे भाषांतर एकटीने करणारी स्त्री जगातही शोधून क्वचितच सापडेल. ते करताना, कोणत्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा, हे तिने कोणत्याही बिशपला विचारले नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या मागे संस्था सांभाळण्यासाठी तयार झालेली ही मुलगी चाळिशीतच निवर्तली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या. अखेरच्या काळातही भाषांतराची मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवले, पाने छापली आणि बांधणी केली ती मुक्ती सदनातील स्त्रियांनी. त्यांच्यापैकी अनेकींना दुष्काळातून केडगावला आणले, तेव्हा अक्षरओळखही नव्हती.